सात किलोमीटर निळं कापड

बाईंनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला आणि समुद्र एकदाही पाहिला नाही. हे कुणी बोलून दाखवलं की त्यांचा पारा चढायचा. "डॉक्टर काय सगळे आजार स्वतःला करून घेतो का आधी?" असं त्या फाडकन विचारायच्या आणि विचारणारा गप्प व्हायचा. शाळेत त्यांना सगळे भूगोलबाई म्हणत. पाठीमागे पोरं 'दोनगुणबाई' म्हणत, कारण नकाशाखाली प्रमाण लिहिलं नसेल, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचे किती किलोमीटर ते लिहिलं नसेल, तर बाई दोन गुण कापायच्या. नकाशा कितीही देखणा असो, सरळ दोन. मुख्याध्यापकांच्या मुलीचेही कापले होते. केवढा गहजब झाला तेव्हा, पण बाई ढिम्म हलल्या नाहीत. "प्रमाण नसलेला नकाशा म्हणजे नकाशा नव्हे, नुसतं चित्र," असं त्या डस्टर आपटून सांगायच्या. त्यांच्या स्वतःच्या मुलाचे आठवीत कापले होते, आणि त्या दिवशी पोरगं जेवलं नव्हतं. हे दोन गुण ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत.

निवृत्त झाल्यावर बाई घरी होत्या. घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, खाली शिंप्याचं दुकान. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा आणि सून दोघंही कामावर जायचे, तेव्हा दिवसभर घरात बाई आणि नात, दोघीच. नात जन्मली तेव्हा एवढीशी होती की दवाखान्यातली परिचारिका म्हणाली, "ही तर मुंगी!" ते नाव चिकटलं. चार वर्षांची झाली तरी मुंगीच. बोलण्यात मात्र मुंगी कसली, अख्खं वारूळ होतं. सकाळी डोळा उघडल्यापासून तोंडाचा पट्टा सुरू.

मग मुलाला परदेशात नोकरी लागली. आठ महिन्यांनी जायचं, बायकोपोरीला घेऊन. बाईंना जाता येणार नव्हतं. पायाच्या शिरेत गाठ होती, इतके तास विमानात बसलात तर गाठ सुटून वर जाईल, मग माझ्या हातात काही नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते. मुलगा म्हणाला, "आई, दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे." सून म्हणाली, "रोज फोनवर दिसूच की." बाई दोघांनाही हो म्हणाल्या. दोन वर्षांसाठी म्हणून गेलेली माणसं त्यांनी पाहिली होती. वर्गातली निम्मी पोरं गेली होती, त्यातलं एक तरी परत आलं का? उगाच काहीतरी.

बाईंना मुलाची काळजी नव्हती. मुलगा चाळिशीला आला होता, तो आईला विसरणार नव्हता, फार तर फोन करायला विसरला असता. काळजी मुंगीची होती. चार वर्षांच्या पोराला काय आठवतं? बाईंना स्वतःच्या चौथ्या वर्षातलं फक्त एक हिरवं फाटक आठवत होतं. कुणाचं, कुठलं, आत कोण राहायचं, काही नाही. त्या फाटकाआडही कुणीतरी असेलच की, जे बाईंना मांडीवर घेऊन बसायचं. आणखी काही वर्षांनी आपणही मुंगीच्या डोक्यातलं एक फाटक होऊन राहणार. ते होऊ द्यायचं नव्हतं. आणि बाईंना जगात एकच गोष्ट करता येत होती.

"मी तिला भूगोल शिकवणार," त्यांनी जाहीर केलं.

सुनेने कपाळाला हात लावला. "आई, तिला अजून नाक पुसता येत नाही."

"नाक तू शिकव."

पहिला धडा जेवणाच्या टेबलावर झाला. बाईंनी कागदावर कप ठेवला, पेन्सिल सभोवती फिरवली आणि कप उचलला. कागदावर एक गोल राहिला. "छतावर बसलेल्या माशीला कप असा दिसतो," बाई म्हणाल्या. मुंगीने गोल बघितला, कप बघितला आणि भुवया वर चढवल्या. "मग कपाचा कान कुठे गेला? माशी आंधळी आहे का?" बाईंनी चौतीस वर्षांत हा प्रश्न कुणाकडूनही ऐकला नव्हता. त्यांनी निमूट कान काढला. संध्याकाळी मुलगा घरी येईपर्यंत ताटली, चमचा, बाईंचा चष्मा आणि मुंगीचा पाय, सगळ्यांचे नकाशे झाले होते. सूनही मग गालातल्या गालात हसली.

पुढे खोली आली. खाटेपासून दारापर्यंत मुंगीची अकरा पावलं, आजीची पाच. कागदावर एक पाऊल म्हणजे एक काडेपेटीची काडी, असं ठरलं. अकरा काड्या ओळीने मांडल्या. "ही काडी खोटी आहे, खरं पाऊल एवढं मोठं," मुंगी आपणहून म्हणाली. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. चार वर्षांचं पोर, आणि प्रमाण! आठवीतल्या दांडग्यांना डोकं फोडून समजत नव्हतं ते! कणीक मळताना परातीत डोंगर झाला, डोंगरावरून तांब्याने नदी सोडली, नदी टेबलावरून थेट मुंगीच्या मांडीत आली आणि पूर म्हणजे काय तेही त्याच दिवशी उरकलं. बादलीत वाटी उपडी घातली की बेट. सकाळी ऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून येतं, ती पूर्व. ते दिवस चांगले होते. सांगायला मला बरं वाटतं म्हणून सांगतोय, कारण यापुढे बरं वाटण्यासारखं काही नाही.

शाळेने निरोपाच्या वेळी बाईंना जुना पृथ्वीगोल दिला होता, एका बाजूने चेपलेला. जायला महिना उरला तेव्हा बाईंनी तो कपाटावरून खाली काढला. आपलं गाव दाखवलं, तिथे पेनाचा ठिपका दिला. जायचं ते गाव दाखवलं, तिथे दुसरा. मुंगीने एका ठिपक्यावर अंगठा ठेवला, हात ताणला आणि करंगळी बरोब्बर दुसऱ्या ठिपक्यावर टेकली.

"पोचले! आजी, एक वीतच आहे! मी तिकडून रोज येईन."

आता, हीच ती वेळ होती. काडेपेटी तिथेच कोपऱ्यात होती. ही वीत खोटी आहे, खरं अंतर एवढं मोठं, एवढं म्हणायचं होतं, बस्स. मुंगीला ते कळलंही असतं. बाईंनी तोंड उघडलं. मुंगीचा चेहरा नुसता फुलला होता. बाईंनी तोंड मिटलं आणि म्हणाल्या, "ये हं, रोज ये." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला तरी प्रमाणाशिवाय सोडून दिलं.

मग त्यांनी मुंगीसाठी नकाशा करायला घेतला. कागद फाटतो म्हणून कापडाचा. खालच्या शिंप्याने पांढऱ्या पॉपलीनचा मोठा तुकडा आणि रंगीत चिंध्यांची पिशवी दिली. कापडाच्या एका टोकाला बाईंनी आपलं घर शिवलं: जिना, निळं दार, खाली शिंप्याचं दुकान, त्याचं शिलाई यंत्र काळ्या दोऱ्याने. दुसऱ्या टोकाला तिकडचं घर. मुलाने त्या घराचे फोटो मागवले होते, ते बघून फाटक, झाड आणि बसथांबा. मधला समुद्र बाकी होता. बाईंनी सवयीने कागद घेऊन हिशोब मांडला. कापडावर गल्लीचे दोनशे मीटर एका वितेत बसवले होते, म्हणजे एकास हजार. तिकडचं गाव सात हजार किलोमीटरवर. उत्तर आलं सात किलोमीटर. सात किलोमीटर निळं कापड जोडलं, तर तो नकाशा प्रमाणात झाला असता.

बाई त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसल्या. मग कागद चुरगळून त्यांनी टोपलीत टाकला आणि चार बोटं रुंदीची निळी पट्टी मधे शिवून टाकली. पट्टीवरून एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत लाल दोऱ्याची रेघ घातली. ही विमानाची वाट.

कडा दुमडून द्यायला नकाशा शिंप्याकडे नेला, तेव्हा शिंप्याने तो उलटसुलट करून पाहिला. शिंपी कधीकाळी बाईंचाच विद्यार्थी, दहावीला दोनदा आपटलेला. तो म्हणाला, "बाई, खाली माप लिहायचं राहिलं की."

"चार वर्षांच्या पोरीला कशाला माप?"

"तसं नव्हे, आमचे कापायचात म्हणून म्हटलं."

"तू शिव गुपचूप," बाई म्हणाल्या. शिंप्याने शिवलं.

निघायच्या दिवशी मुंगीने नकाशा घडी करून पाठीवरच्या पिशवीत ठेवला आणि खुशाल हात हलवत गाडीत बसली. रडली नाही. सून रडली, मुलाचे डोळे भरले, मुंगी म्हणाली, "आजी, उद्या येते." शेजारणी म्हणाल्या, बघा किती शहाणी पोर! बाई जिना चढून वर आल्या, निळं दार लावलं, आणि मग तोंडावर पदर दाबून रडल्या.

फोन सुरू झाले. पहिल्या आठवड्यात रोज, मग रविवारी. मुंगी पडद्यासमोर नकाशा पसरायची आणि बोट फिरवायची: फाटक, झाड, बसथांबा, निळं, शिंपीकाका, जिना, आजी. दर वेळी तोच पाठ, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बाई खूश. पोर विसरत नव्हती. मधेच मुंगी विचारायची, "बाबा मला नेत का नाहीत?" बाई म्हणायच्या, "बाबांना काम आहे ना." हे दोनदा झालं, तीनदा झालं. दर वेळी बाईंना वाटायचं, आता सांगावं. दर वेळी पुढच्या रविवारवर ढकललं.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी, वार रविवार नसताना, फोन वाजला. मुलगा होता. त्याला धाप लागली होती.

"आई, मुंगी घरात नाहीये. ही कपडे वाळत घालायला मागच्या खोलीत गेली, तेवढ्यात दार उघडून गेली. पिशवी नाही, तुझा नकाशा नाही. तासभर झाला शोधतोय. त्यात काय काय आहे, सांग पटकन."

बाईंची पाचावर धारण बसली. तरी त्या सांगू लागल्या, वर्गात सांगायच्या तशा, क्रमाने. "फाटक. मग झाड. मग बसथांबा."

"मग?"

"मग निळं."

"निळं म्हणजे काय?"

"समुद्र रे. त्याच्यावरून लाल रेघ, विमानाची."

 मग मुलगा अगदी हळू म्हणाला, "आई, इथे बसथांब्याच्या पुढे कालवा आहे." आणि फोन बंद झाला.

बाई जिना उतरून शिंप्याच्या दुकानात जाऊन बसल्या. वर एकटीने बसवेना. शिंप्याने यंत्र थांबवलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. पेला तसाच राहिला. सव्वा तास. त्या सव्वा तासात बाई कुणाला काय नवस बोलल्या, त्यांनी काय कबूल केलं, ते त्यांचं त्यांना माहीत. डोळ्यांसमोर एकच, पॉपलीनवरची चार बोटं निळी पट्टी. आपल्या हाताने शिवलेली. मी आता वर्गात असते, तर असल्या बाईला वर्गाबाहेर उभी केली असती, असं त्या मोठ्याने म्हणाल्या. शिंपी खाली मान घालून सुईत दोरा ओवत राहिला, तो काही ओवला गेला नाही.

मग फोन आला. मुंगी सापडली होती.

ती कालव्यात पडली नव्हती. कालव्यावर पूल होता आणि पुलाचे कठडे लाल होते. लाल रेघेवरून निळं ओलांडायचं, हे तिला पाठ होतं. पलीकडे उतरल्यावर कपडे धुऊन, दुरुस्त करून देणारं एक दुकान होतं आणि काचेआड शिलाई यंत्र होतं. म्हणजे शिंपीकाका. शेजारी जिना होता. मुंगी जिना चढली आणि वरच्या घराचं दार वाजवत बसली. घरात कुणीच नव्हतं. अंगात साधा झगा, बाहेर हाडं गोठतील अशी थंडी. दुकानातल्या माणसाने आवाज ऐकला, वर जाऊन पाहिलं, तर मुंगी पायरीवर नकाशा मांडीवर घेऊन बसलेली. ओठ निळे पडलेले. शोधत शोधत बाबा तिथे पोचला, तेव्हा त्याला बघून ती म्हणाली, "आजी दार उघडत नाही."

एकही वळण चुकलं नव्हतं पोरीचं. नकाशावाचनाचे पैकीच्या पैकी गुण.

मुलगा हे सगळं सांगेपर्यंत शांत होता. मग त्याचा आवाज चढला. "माझे दोन गुण कापले होतेस, आई. आठवीत होतो मी. स्वतःच्या पोराला सोडलं नाहीस. आणि हिला? हिच्याच वेळी तुला प्रमाण नको झालं?"

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

"ती तिथे बसून काय समजली, माहितीये? आजी घरात आहे आणि दार उघडत नाही. आता हे तिच्या डोक्यातून कसं काढू, सांग ना!"

 सुनेने फोन घेतला आणि ती नरमाईने बोलली, ते जास्त लागलं. "आई, पुन्हा नकाशे नकोत. आणि थोडे दिवस फोनही नको. तिला ताप आहे. तुमचं नाव काढलं की रडते."

थोडे दिवस म्हणजे अडीच महिने झाले. बाई रविवारी फोन समोर ठेवून बसायच्या, संध्याकाळी उचलून कपाटात ठेवायच्या. पृथ्वीगोल त्यांनी शिंप्याला देऊन टाकला, त्याने तो कापडाच्या ढिगावर ठेवला. मधे मुलाचे दोन निरोप आले. ताप उतरला. मुंगी शाळेत जाऊ लागली. तिकडची भाषा बोलायला लागलीय. बाईंनी दोन्ही निरोपांना एकच उत्तर पाठवलं, छान. दुसरं काय लिहिणार?

आणि मग एका रविवारी फोन वाजला आणि पडद्यावर मुंगी होती. केस कापलेले, दोन दात पडलेले. बाई पडद्याजवळ सरकल्या. मुंगी मात्र सरळ बसली होती, पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखी. मागे मुलगा उभा होता.

"बाबांनी मला प्रमाण शिकवलं," ती म्हणाली.

"हो का? सांग बघू."

"नकाशातलं खोटं असतं. खरं खूप मोठं असतं. तुझं घर सात हजार किलोमीटर आहे. तिथे चालत जाता येत नाही."

"मग कसं जातात?"

"विमानाने. पण बाबांना सुट्टी नाही. आणि तुला विमान चालत नाही, तुझ्या पायात गाठ आहे." मुंगीने मागे वळून बाबाकडे पाहिलं. त्याने मान हलवली, तसं तिने पुढचं म्हटलं. "म्हणून तू दार उघडलं नाहीस. तू तिथे नव्हतीसच. आणि मी तुझ्याकडे येऊ शकत नाही, आणि तू माझ्याकडे येऊ शकत नाहीस."

मुलाने नजर दुसरीकडे वळवली. खाली शिंप्याचं यंत्र चालू होतं. बाईंना आयुष्यभर ज्या उत्तराला गुण द्यायची सवय होती, तेच उत्तर समोर बसलं होतं, पूर्ण आणि क्रमाने. त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी खूप शोधलं, पण नव्हतं.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "दहापैकी दहा."

मुंगी हसली. पाठ संपला होता. तिने तिकडच्या भाषेत बाबाला काहीतरी विचारलं, तो हो म्हणाला, आणि ती खुर्चीवरून उतरून खेळायला पळाली. पुढच्या रविवारी फोन करतो, असं मुलगा म्हणाला. बाई बरं म्हणाल्या आणि फोन ठेवून त्यांनी दुपारचा चहा टाकला.